ठमाबायची खडी

पेणच्या रामवाडीत राहणाऱ्या काळुराम घरताला एक खोड होती. फाटक उघडलं की बाकीची माणसं भराभर रूळ ओलांडून आपापल्या कामाला लागायची. हा मधेच थांबायचा, कमरेत वाकायचा आणि रुळांखालची खडी बघायचा. नीट बसलेली दिसली तर स्वारी खूश. कुठे पसरलेली, कुठे कमी पडलेली दिसली की त्याचा दिवस नासायचा. घरी येऊन तो बायकोला सगळं साग्रसंगीत सांगायचा, आणि चंद्रावती अर्धं ऐकून त्याच्या हातात दळणाचा डबा द्यायची. निवृत्त होऊन वर्ष होत आलं, आता तरी त्या रेल्वेचा पिच्छा सोडा, असं तिचं म्हणणं.

पण ते त्याला जमणार कसं? सगळी नोकरी रुळांची डागडुजी करणारा गँगमन म्हणून पेण ते रोहा याच पट्ट्यात गेलेली. कासू, नागोठणे, निडी, रोहा. कुठल्या वळणावर पावसात माती बसते, अंबा नदीच्या पुलाच्या अलीकडे कुठे खडी सरकते, हे त्याला घरातल्या फरशीपेक्षा पक्कं ठाऊक. रुळांच्या आडव्या स्लीपरखाली खडी ठोकून ठोकून तळहात असे झाले होते की चंद्रावती म्हणायची, भांडी घासायला काथ्या कशाला, तुमचा हात द्या. माणूस मात्र मोठा गोड. पटकन रुसायचा आणि तेवढ्याच पटकन हसायचा.

तर या काळुरामाने निवृत्तीनंतरच्या पहिल्या गणपतीला जाहीर केलं की यंदा आरास म्हणून घरात पेण-रोहा लाइन करणार. टेबलावर. चालती गाडी, पूल, स्टेशनं, सगळं.

आता पेणमध्ये आरास करायची म्हणजे गंमत नाही. अर्धं गाव मूर्तींच्या कारखान्यांत वाढलेलं. इथे शेंबड्या पोरालाही कळतं की रंग कुठे फिका पडलाय, आणि कळलं की बोलून दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. काळुरामाचा जिवाभावाचा दोस्त केरू तर कारखान्यात रंगकामच करणारा. त्याने ऐकल्याबरोबर विचारलं की बाबा, गेल्या वर्षीचं पुठ्ठ्याचं देऊळ सोडलं तर जन्मात कधी काही केलंस का? काळुराम रुसला आणि त्याच्याकडचा चहा बंद केला.

पण आरास गावासाठी नव्हतीच. ती होती ठमाबायसाठी, आणि हे त्याने घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

ठमाबाय त्याची थोरली बहीण, रोह्याला दिलेली. दोघांचा बाप कान्हू मिठागरावर राबणारा. एका वर्षी खाडीचा बांध फुटला, मिठागर पाण्याखाली गेलं आणि घरात चूल पेटायची पंचाईत झाली. ऐंशीच्या सालांतली गोष्ट. त्याच सुमारास पेण ते रोहा लाइनचं काम चाललं होतं. ठमा उठली आणि खडी फोडायला जाऊन बसली. दिवसभर उन्हात हातोडी चालवायची, फोडलेली खडी पाटीत भरून डोक्यावरून वाहायची आणि घरी येऊन भाकऱ्या थापायच्या. काळूलाही तिनेच मुकादमापुढे नेऊन उभं केलं. हा माझा भाऊ, कामाचा हाय, ठेवून घ्या, एवढंच म्हणाली. तिथून तो रेल्वेला चिकटला तो निवृत्त होईपर्यंत. घर, पेन्शन, लेकीचं शिक्षण, सगळं बायच्या त्या एका शब्दावर उभं आहे असं तो मानायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

ठमाबाय दरवर्षी गौरीला माहेरी यायची. पुढे काचबिंदूने तिची नजर गेली. हळूहळू गेली, आणि ध्यानात आलं तोवर डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. तरी बाई हसरी ती हसरीच. आदल्या वर्षी काळुरामाने पुठ्ठ्याचं देऊळ केलं होतं, त्याचं आल्यागेल्याने कौतुक केलं. ते ऐकून ठमाबायही म्हणाली, लय छान केलंस रं काळ्या. म्हणताना तिचं तोंड होतं समोरच्या भिंतीकडे, जिथे नुसतं कॅलेंडर लटकत होतं. देऊळ तिच्या पाठीमागे होतं. घरातली माणसं गप्प झाली आणि मग भलतंच काहीतरी बोलू लागली. काळुरामाने हातातला मोदक तसाच ताटात ठेवला. पुढच्या खेपेला बायला दिसेल असंच काहीतरी करायचं, हाताने दिसेल, कानाने दिसेल असं, हे त्याने तिथल्या तिथे ठरवलं. आणि बायच्या हाताला जन्मभराची ओळखीची गोष्ट कुठली? तर ही लाइन.

म्हणून त्याचा सगळा जीव अडकला खडीत. बाकीचं बघता बघता जमलं. बाजारातल्या छत्रीवाल्याकडून मोडक्या छत्र्यांच्या काड्या आणल्या, त्यांचे रूळ झाले. आइस्क्रीमच्या काड्यांचे स्लीपर. बॅटरीवर चालणारी खेळण्यातली गाडी आणली आणि तिच्या चाकांच्या मापाने रूळ बसवले. पूल सायकलच्या तारांचा. स्टेशनांच्या पाट्या केरूने रंगवून दिल्या, रुसवा निघाल्यावर. पण खडी काही मनासारखी मिळेना.

लेक सरू पनवेलला असते. तिने फोनवर दाखवलं की अशी बारीक खडी पाकिटात विकत मिळते. किंमत बघून काळुरामाला हसूच फुटलं. सगळा जन्म दगडांत काढला आणि आता चिमूटभर दगड विकत घेऊ? नाव काढायचं नाही, म्हणाला.

मग सुरू झाले प्रयोग. वखारीतला भुसा आणून काळ्या रंगात बुडवला. वाळल्यावर दिसायला अगदी खडी. केरू म्हणाला, झक्कास. काळुरामाने डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. बोटाला नुसतं मऊ मऊ लागत होतं, याला खडी कोण म्हणेल? केरूला कळेना की आरास बघायची सोडून हा चाचपतोय कशाला, पण त्याने विचारलं नाही. मग खाडीची रेती आणली. ती गुळगुळीत, बोटाखालून पळणारी. खडी कशी टोचली पाहिजे. केरूच्या कारखान्यातले प्लास्टरचे तुकडे कुटले तर त्यांचं पीठ झालं. शेवटी स्वयंपाकघरातला रवा चांगला खरपूस भाजून रंगवला. तर कासूपासून नागोठण्यापर्यंत मुंग्यांची ही भलीमोठी रांग लागली, आणि शिऱ्याला ठेवलेला रवा रुळांखाली गेला म्हणून चंद्रावतीने जो तोंडाचा पट्टा सोडला तो शेजारच्या आळीपर्यंत ऐकू गेला.

खाणीवरच्या क्रशरची बारीक कच मिळाली असती, पण पावसाळ्यात खाणी बंद. एका बांधकामावर विचारलं तर त्यांनी दिलेल्या पोत्यात निम्मा चिखलच निघाला. राहता राहिली लाइनवरची खरी खडी. ती तर फाटकापाशी हात घातला की हातात. पण काळुरामाचा नेम होता. एवढ्या नोकरीत रेल्वेचा खिळासुद्धा त्याने घरी आणला नव्हता, आणि आता निवृत्त झाल्यावर दगड चोरू म्हणता? केरूने ही कल्पना नुसती काढली तर त्याच्यावर डोळे वटारले.

आणि मग त्याला मीठ सुचलं.

त्याचा मामेभाऊ शिवा अजून मिठागरावर होता. त्याच्याकडून काळुरामाने जाड्या मिठाची पिशवी आणली, खडे चाळून सारख्या मापाचे निवडले, चुलीची काजळी लावून काळे केले आणि रुळांखाली पसरले. बोट फिरवलं आणि त्याच्या अंगावर काटाच आला. तीच कड, तेच टोचणं, बोटाखाली तोच करकर आवाज. अस्सल खडी, आणि तीही फुकट. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही म्हणून तो स्वतःवरच खूश झाला.

चंद्रावती म्हणाली, अवो, श्रावणात माझ्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, याला नाय सुटणार? झालं. मिठागरावरच्या माणसाला मिठाचं शिकवायचं म्हणजे काय? काळुरामाने तिला समोर बसवून समजावलं की बरणीतलं मीठ दुकानातलं, त्याला काय दम असतो! आमच्या बापाची मिठाची रास माडाच्या झापांनी शाकारलेली चार-चार महिने भर पावसात उघड्यावर उभी असायची. वरचा थर दगडासारखा घट्ट. मग इथे छपराखाली, घरात, मूठभर मिठाला काय धाड भरणार आहे?

एवढं बोलणाऱ्या माणसाला एक गोष्ट आठवायला नको का? राशीचं वरचं मीठ पावसात पाघळतं, म्हणून आतलं वाचतं. हे कान्हू पोरांना उठता-बसता सांगायचा. टेबलावरच्या लाइनला आत असं काही नव्हतंच, सगळंच वरचं. पण आनंदात माणसाला बापाचं बोलणं अर्धंच आठवतं, आणि काळुराम तर हवेत होता.

चतुर्थीला गणपती बसले आणि आरास बघायला रीघ लागली. गाडी पेणहून निघायची, कासू घ्यायची, अंबेच्या पुलावरून खडखडत जायची आणि रोह्याला जाऊन थांबायची. माणसं तोंडात बोट घालायची. केरूने तर सगळ्यांसमोर कबूल केलं की आपण हरलो. काळुराम वरवर नम्र होऊन हात जोडत होता, आणि मनातल्या मनात गौरीचा दिवस मोजत होता.

तेवढ्यात पावसाने झड धरली. खिडक्या बंद, घरात माणसांची गर्दी, चुलीवर उकडीच्या मोदकांचं पातेलं वाफ सोडतंय. गौर यायच्या दिवशी सकाळी चंद्रावती देवापुढे झाडायला गेली आणि तिथूनच तिने शांतपणे सांगितलं की नागोठण्याला पूर आलाय.

काळुराम धावत आला. खडी म्हणून काही उरलंच नव्हतं. रुळांखाली काळा चिखल झाला होता, टेबलाच्या कडेवरून खाऱ्या पाण्याचे थेंब टपकत होते, छत्रीच्या काड्या तांबेरल्या होत्या. गाडी कासूजवळ चिखलात रुतून तिरकी झाली होती. त्याने तिथेच जमिनीवर बसकण मारली. चंद्रावतीला खरं तर, बघा मी सांगत होते, असं म्हणायचं होतं. पण नवऱ्याचं तोंड बघून तिने ते गिळलं, आणि फडकं आणून मुकाट्याने टेबल पुसायला लागली. या एका गोष्टीसाठी त्या बाईला मानलं पाहिजे.

रोह्याची गाडी यायची वेळ झाली होती. काळुराम स्टेशनवर गेला. भाच्याने रोह्याला बसवून दिलेली ठमाबाय बायकांच्या डब्यातून काठी टेकत उतरली, ती बोलतच. अंबेचा पूल आला तेव्हा डब्यातल्या पोरींना तिने सांगितलं म्हणे, की आता बघा आवाज बदलेल, आणि बदलला. निडीपासची खडी नवीन टाकलेली दिसते, चाकं कशी दबून वाजत होती. रिक्षात बसल्यावर तिने भावाचा हात धरला आणि सांगितलं की सरूने फोनवर सगळं सांगितलंय. तू आपली लाइन केलीयस म्हणे, खडीसकट. वाटभर माझा हात शिवशिवतोय बघ.

रामवाडी येईपर्यंत काळुराम नुसता हं-हं करत राहिला.

घरी आल्यावर ठमाबायने पाय धुतले, गणपतीला हात जोडले आणि लगेच म्हणाली की कुठंय लाइन, मला तिथं ने. काळुराम म्हणाला, आधी चहा घे. चहा नको. मग जरा टेक. टेकायला मी गाडीतनं बसूनच आले. शेवटी चंद्रावतीनेच तिचा हात धरून टेबलापाशी नेलं. ठमाबायचं बोट रुळावर टेकलं, तिथून खाली उतरलं आणि चिखलात गेलं. ती थबकली. बोट नाकाशी नेलं. मग जिभेला लावलं.

"मीठ?" ठमाबाय म्हणाली. "काळ्या, कान्हूच्या पोरानं भादव्यात मिठाची खडी घातली?"

आणि ती हसायला लागली. अशी हसली, अशी हसली, की तिला पोट धरून खाली बसावं लागलं. चंद्रावतीने सकाळपासून दाबून धरलेलं हसू तिच्या नाकातून सुटलं. दारात गंमत बघायला आलेला केरू भिंतीला टेकून हसत होता. काळुरामाला आधी राग आला, मग रडू आलं, आणि शेवटी त्यालाही हसू आवरेना. हसता हसताच त्याच्या डोळ्यांना धार लागली आणि वर्षभर पोटात ठेवलेलं बाहेर आलं.

"तुला दिसावं म्हणून केलं गो बाय," तो म्हणाला. "गेल्या वर्षी तू भिंतीकडं बघून छान म्हणालीस. मला ते सहन झालं नाय."

ठमाबाय हसायची थांबली. तिने हात पुढे करून अंदाजाने त्याचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. तिला ते तेव्हाच कळलं होतं, ती म्हणाली. सगळी एकदम गप झाली म्हणजे आपलं काहीतरी चुकलं, एवढं आंधळ्या माणसाला कळतंच. पण त्यात तुझ्या जिवाला एवढा घोर लागला असेल हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मग तिने पदराने स्वतःचं तोंड पुसलं, त्याच पदराने त्याचंही पुसलं, आणि तिचा आवाज बदलला. तो जुना, कामावरचा आवाज होता.

"खडी काय आयती मिळते व्हय? ती फोडायला लागते. हातोडी आण."

काळुराम बघतच राहिला. खरंच की! त्याच्या सगळ्या नोकरीत खडी यायची ती मालगाडीच्या वाघिणी भरून. आली की पसरायची, ठोकायची. ती आधी कुणीतरी फोडलेली असते, हे त्याच्या डोक्यातून साफ गेलं होतं. आणि फोडणारी तर घरातलीच.

आता दगड कुठला? मोरीच्या बाजूला आईच्या जात्याची वरची तळी पडून होती. फार वर्षांपूर्वी दुभंगलेली, अर्धी कुठे गेली ते कुणाला ठाऊक नाही, उरलेल्या अर्धीवर चंद्रावती कपडे आपटायची. काळाभोर, लाइनवरच्या खडीच्याच जातीचा दगड. ठमाबायनेच त्याची आठवण काढली. चंद्रावती जरा चाचरली. गौर दारात यायची वेळ, आणि आज सासूबाईंचं जातं फोडायचं? ठमाबाय म्हणाली की गो चंद्रा, फुटलेलं ते आधीच हाय. आईनं त्यावर दळून आम्हाला जेवू घातलं, आता तुझ्या साबणाखाली पडलंय त्यापेक्षा रुळाखाली बसू दे. चंद्रावतीला ते पटलं.

काळुरामाने पडवीत पोतं टाकून घणाने तळीचे ढेकळाएवढे तुकडे केले. मग ठमाबाय पाय पसरून बसली आणि तिने चुंबळ मागितली, डोक्यावर पाटी घ्यायला बायका फडक्याची करतात तीच. चंद्रावतीने जुन्या लुगड्याची वळून दिली. ठमाबायने ती पोत्यावर ठेवली, तिच्या मधोमध दगड ठेवला, डाव्या हाताने चुंबळीची कड धरली आणि उजव्या हाताने हातोडी उचलली. चुंबळीमुळे कपच्या उडत नाहीत, आणि हातोडी मारायची ती चुंबळीच्या मधेच. काळुराम तिच्या बोटांकडे बघून कासावीस झाला. नको बाय, लागेल, मी फोडतो, असं म्हणत तो हातोडी घ्यायला गेला, तर तिने ती मागे ओढली.

"डोळे व्हते तवा तरी खडीकडं कोण बघत व्हतं?" ती म्हणाली. "आम्ही बघायचो मुकादम कुठं हाय ते."

आणि हातोडी पडली. टक. टक. दगड फुटला. तिने बोटांनी चाचपलं, मोठे तुकडे पुन्हा मधे सारले, पुन्हा टक टक. हाताला लय सापडली तशी ती सैल झाली, आणि गप्पाही सुरू झाल्या. कोण मुकादम डुलक्या काढायचा, कुणाच्या डब्यातलं सुकट कोण पळवायचं, कासूजवळच्या वळणावर काळू पाटीसकट कसा चिखलात पडला होता. हे शेवटचं चंद्रावतीला नवीन होतं, तिने ते दोनदा सांगायला लावलं. काळुराम म्हणाला की असं काही झालंच नव्हतं, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

चंद्रावतीने धान्याची चाळण आणि चहाची गाळणी काढली. चाळणीतून खाली पडेल ते घ्यायचं, गाळणीतून खाली जाईल ती भुकटी टाकायची, मधे उरेल ती खडी. तिने चिमूटभर आपल्या नणंदेच्या तळहातावर ठेवायची आणि ठमाबायने अंगठ्याने चोळून सांगायचं, चालेल, किंवा अजून बारीक पायजे. तोवर काळुरामाने रुळांवरचा गंज पॉलिश पेपरने घासून काढला आणि केरूने गाडीची चाकं साफ केली. तेरड्याची गौर घेऊन आलेल्या आळीतल्या बायका पडवीतली ती टकटक ऐकून थबकल्या. मग एकजण हसून म्हणाली की बरंय, गौरीच्या स्वागताला यंदा ताशा हाय. गौर वाजतगाजत आत गेली.

खडी रुळांखाली घालायला लागले तेव्हा ठमाबाय स्वतः टेबलापाशी आली. काळुराम चमच्याने टाकायचा आणि ती बोटांनी दाबून बसवायची, दोन्ही बाजूंना सारखा उतार देऊन. पुरी लाइन भरून झाल्यावर काळुरामाने गाडी सोडली. मिठावर ती नुसती घरघरायची. आता तिचा आवाज भरीव झाला, दगडावरचा. ठमाबायने टेबलाच्या फळीला कान लावला आणि गाडी रोह्याला पोचेपर्यंत उचलला नाही.

मग तिने हाताने प्रवास केला. पेणपासून निघाली, रुळाच्या कडेकडेने, खडीवरून बोटं सरकवत. कासूचं वळण हाताला लागलं तशी हसली. पुढे बोटं पुलाच्या तारांवर चढली आणि तिने मान डोलावली. निडी गेलं. रोह्याला पोचल्यावर तिने हात तिथेच ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. तिच्या तोंडावर जे होतं ते बघून काळुरामाला वाटलं, आपली सगळी नोकरी आज पुरी झाली. त्याला इतका आनंद झाला होता की कुठे ठेवू असं झालं.

संध्याकाळी पुन्हा माणसांची रीघ लागली. आदल्या वर्षी ठमाबाय कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. यंदा ती टेबलापाशीच बसली, मांडीवर उरलेल्या खडीची वाटी घेऊन. येणारा माणूस गाडीकडे बघून वा वा करायला लागला की ती त्याला थांबवायची. असं नाय बघायचं, म्हणायची. आधी डोळे मिटा. त्याचा हात धरून पेणवर ठेवायची आणि पुढे जायला सांगायची. बघता बघता घरात हीच पद्धत पडली. केरूचे कारखानदार शेठ, आळीतल्या बायका, शिवा आणि त्याची पोरं, सगळी ओळीने टेबलाभोवती उभी, डोळे मिटलेले, बोटं रुळांवर. कुणी पुलापाशी दचकतंय, कुणी वळणावर वाट चुकतंय. आणि मधोमध ठमाबाय सगळ्यांना रस्ता सांगतेय, उजवीकडं घ्या, आता नदी येईल, घाबरू नका. तिचं तोंड या खेपेला बरोबर आराशीकडे होतं.

गर्दी सरल्यावर काळुरामानेही डोळे मिटले आणि हात ठेवला. चिमुकली खडी बोटाला टोचत होती, हवी तशी. तो बघत बघत पुढे गेला. निडी ओलांडून जरा पुढे गेल्यावर त्याच्या कपाळाला आठी पडली.

"इथं कमी पडलीय, नाय?" ठमाबाय शेजारून म्हणाली. "मला मघाशीच लागलं. म्हटलं, बघूया गँगमनला कळतंय का."

काळुराम हसला, पडवीत गेला आणि हातोडी, चुंबळ आणि जात्याचा उरलेला तुकडा घेऊन आला. पोतं अंथरून बहिणीपुढे सगळं मांडलं, आणि चाळण धरून तिच्या शेजारी बसला.